वस्तादाने राखलेला डाव

शिवाजी पेठेच्या तोंडाशी, खरी कॉर्नरला, कॅमेरा स्तंभ उभा आहे. १ डिसेंबरला चित्रपटसृष्टीतली कोल्हापूरची मंडळी तिथे जमतात, कलामहर्षी बाबूराव पेंटर यांना अभिवादन करतात आणि १९१७ साली याच तारखेला महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाल्याची आठवण काढतात. अशा प्रसंगी काय बोलले जाते ते पेठेतल्या शाळकरी पोरालाही पाठ असेल. कारागिराच्या घरातल्या, स्वतःच शिकलेल्या चित्रकाराने परदेशी यंत्रावर अवलंबून न राहता कोल्हापुरातच कॅमेरा घडवला, त्यावर सिनेमे काढले आणि या गावाला कलापूर म्हणवून घ्यायला आणखी एक कारण दिले. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण यशस्वी उद्योजकाच्या चरित्रातून धडे काढून तरुणांपुढे ठेवण्याची हल्ली जी हौस आहे, तिच्या साच्यात बाबूरावांना बसवले की त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कामाचा भाग नेमका बाहेर राहतो. त्या साच्यात जिद्द असते, नकार पचवणे असते, तुटपुंज्या साधनांतून उभे राहणे असते. १९२९ साली कंपनीतले चार हुकमी गडी एकदम बाहेर पडले, त्याला तिथे जागा नसते. मला वाटते, कोल्हापूरच्या उद्योगाला आज धडा हवाच असेल तर तो तिथून घ्यावा.

आधी कॅमेऱ्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तीही आपण एकट्या माणसाची करून टाकली आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. १९१० ते १९१६ या काळात या कामात त्यांचा हात धरणारे पश्चिम भारतात फारसे कुणी नव्हते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचे वेड लागले. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला, त्यावर खेळ दाखवले आणि दाखवता दाखवता यंत्राचा अभ्यास केला. कॅमेऱ्याची जुळणी मुळात आनंदरावांनी हाती घेतली होती. १९१६ मध्ये ते अकाली गेले. अर्धे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून १९१८ च्या सुमारास पुरे केले. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडन गाठून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत आणला होता. या मंडळींकडे ना तेवढा पैसा होता ना तशी ओळखपाळख. पैशाची गाठ पडली तीही बड्या घरांतून नव्हे, गायिका तानीबाई कागलकर यांच्याकडून. शाहू महाराजांच्या काळातले कोल्हापूर पाठीशी होते. ज्या गावात दरबाराने एकमेकांना लागून कुस्तीचे खासबाग मैदान आणि नाटकाचे पॅलेस थिएटर उभारले, त्या गावात पडदे रंगवणाऱ्याने यंत्र घडवायला बसावे यात कुणाला वावगे वाटले नाही. म्हणजे आरंभालाच एक दिवंगत भाऊ, एक शिष्य, एक गायिका आणि एक संस्थान एवढे लोक या एका कॅमेऱ्यामागे उभे दिसतात.

पुढची दहा वर्षे या कंपनीने जे केले ते पाहिले की तिला नुसती सिनेमा कंपनी म्हणणे अपुरे वाटते. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात झळकला. फाळक्यांची तारामती पुरुष नटाने रंगवली होती. इथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि त्यापायी समाजाचा रोषही पत्करला. कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी आणि सुवर्णपदक दिले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण झाले, जे भारतात तोवर कुणी केले नव्हते. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी उभे, भरीव देखावे आले. प्रसंग आधी कागदावर रेखाटून मगच तो चित्रित करायची शिस्त आली. भित्तिपत्रके बाबूराव स्वतः रंगवत, चित्रपटाची माहिती देणारी सचित्र पुस्तिका छापत. आजच्या भाषेत सांगायचे तर यंत्रनिर्मिती, उत्पादन, रचना आणि जाहिरात हे सारे एकाच छपराखाली होते. आणि त्या छपराखाली माणसे तयार होत होती. दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, आणि सुरुवातीला बिनपगारी उमेदवारी करणारा शांताराम वणकुद्रे नावाचा कोवळा पोरगा. आज हा मुलगा देखावे लावतो आहे, उद्या पडद्यावर काम करतो आहे, परवा दिग्दर्शकाच्या शेजारी उभा आहे, अशी तिथली रीत. १९२७ च्या ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन त्याच्याकडे आले तेव्हा तो पुरा सव्वीस वर्षांचाही नव्हता.

पेठेतल्या तालमींत वस्तादाबद्दल एक बोली आहे: पठ्ठ्याला सगळे डाव शिकवावेत, एक मात्र राखून ठेवावा. बाबूरावांनी कसबातला एकही डाव राखला नाही. हाताखालच्या माणसाला इतके मोकळेपणाने शिकवणारे गुरू त्या काळातच काय, कुठल्याही काळात विरळा. त्यांनी राखला तो वेगळाच डाव, मालकीचा. तो त्यांनी जाणूनबुजून राखला असेही मी म्हणणार नाही, कारण पैसा दुसऱ्यांचा होता आणि कंपनी पुरती त्यांच्याही मुठीत नव्हती. पण परिणाम व्हायचा तोच झाला. हे चौघे कसबाने मालकाच्या तोडीचे झाले आणि हुद्द्याने नोकरच राहिले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. सीतारामपंत कुलकर्णी यांनी पैसा घातला आणि पाचही जण भागीदार झाले. प्रत्येकाच्या मनात त्या वेळी काय होते, कुणाचे कुणाशी खटके उडाले, कुणाला पगार कमी पडत होता, हे एका कारणात कोंबता येणार नाही. पण बाहेर पडल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली, तर नोकरीच्या जागी भागी आणली. माणसे काय बोलतात त्यापेक्षा मी या कृतीला जास्त किंमत देतो.

इथे एक ठरलेले उत्तर पुढे येते. बाबूरावांची कंपनी बुडाली ती बोलपट आल्यामुळे; त्यांना आवाजात रस नव्हता; नव्या तंत्राशी जुळवून घेतले नाही म्हणून ते मागे पडले. व्यवस्थापनाच्या वर्गात हा धडा फार लोकप्रिय आहे, आणि वरवर पाहता तारखा त्याला साथ देतात. ‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्ये आला आणि त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीने दारे लावली. पण प्रभातकडे पाहा. तिनेही आरंभी मूकपटच काढले. ‘गोपाळकृष्ण’, ‘उदयकाल’, ‘चंद्रसेना’ हे सारे मुके. तरीही ‘आलम आरा’नंतर वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९३२ मध्ये, तिने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला, तोही कोल्हापुरात बनवून. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू कोणी उचलली? विष्णुपंत दामले यांनी. बाबूरावांच्या शेजारी बसून ज्यांनी कॅमेरा जुळवला, त्याच दामल्यांनी. नवे यंत्र समोर आले की ते खोलून, समजून घेऊन चालवायचे, हे शिक्षण त्यांना जिथे मिळाले त्या जागेलाच त्याचा उपयोग झाला नाही, कारण ते दोन वर्षांपूर्वी तिथून उठून गेले होते. बाबूरावांना स्वतःला आवाजात गोडी नव्हती हे मान्य करू. एखाद्या संस्थापकाला एखाद्या नव्या गोष्टीत गोडी नसणे हे काही जगावेगळे नाही. अशा वेळी ज्याला गोडी आहे असा बरोबरीचा माणूस शेजारी असावा लागतो आणि त्याच्या मताला घरात वजन असावे लागते. तंत्रज्ञान हुकले असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा आधी माणूस हुकलेला असतो.

यातली एक विसंगती मला विलक्षण वाटते. १९२५ मध्ये याच कंपनीने नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. भारतीय पडद्यावर गरिबी इतक्या खरेपणाने त्याआधी आली नव्हती. त्यातला तरुण शेतकरी शांतारामांनी रंगवला. हक्काचे काही उरले नाही की माणूस जागा सोडतो, हे ज्या घराने एवढ्या नेमकेपणाने पडद्यावर मांडले, त्याच घराला चार वर्षांनी आपल्याच माणसांच्या बाबतीत ते दिसले नाही.

कोल्हापूरबाहेरही हे घडले आहे, आणि ज्या मुलखाकडे पाहून आपण आयटी पार्कची स्वप्ने रंगवतो तिथे तर ते पायाशीच आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ मध्ये नोबेल मिळालेल्या विल्यम शॉक्ली यांनी कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून हुशार तरुण वेचून आणले. लवकरच त्यांच्या कारभाराला विटून त्यातले आठ जण बाहेर पडले. १९५७ मध्ये त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. तिला पैसा पुरवणारी मूळ कंपनी, योगायोग असा की, कॅमेरे बनवणारीच होती. आठही जणांना त्यात हिस्सा होता. १९५९ मध्ये मूळ कंपनीने ते हिस्से विकत घेतले आणि हे आठ जण चांगले पैसे मिळवून पुन्हा नोकरदार झाले. मग दोनेक वर्षांत गळती सुरू झाली. काहींनी १९६१ मध्ये वाट धरली; रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर १९६८ मध्ये निघाले आणि त्यांनी इंटेल काढली. पैसा मिळाला होता, मान होता, काम आवडीचे होते, तरी ते थांबले नाहीत. स्टीव्ह जॉब्सच्या चरित्रातूनही आपण त्याचा हेकटपणा आणि सौंदर्यदृष्टी तेवढी उचलतो. १९८० मध्ये ॲपलचे समभाग बाजारात आले त्याआधी, पहिल्या दिवसांपासून राबलेल्या काही सहकाऱ्यांच्या वाट्याला काहीच येत नाही हे पाहून स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅकने स्वतःचे समभाग त्यांना नाममात्र किमतीत दिले, ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत क्वचितच ऐकू येते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप हा की भागीदारीने तरी काय साधले? प्रभातही फुटलीच. धायबर १९३६ मध्ये गेले, शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल काढली, १९५३ मध्ये प्रभात बंद झाली. फाळक्यांनी १९१८ मध्ये भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी केली, त्यांच्याशी पटेना म्हणून ते काशीला निघून गेले आणि काही काळाने परतले. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ मध्ये भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे गेले, बोडस गेले, बालगंधर्व एकटे मालक उरले. ही यादी खरी आहे आणि ती आणखी लांबवता येईल. भागीदारी माणसांना कायमची बांधून ठेवते असा माझा दावाच नाही. माझा दावा त्याहून लहान आहे: ती काही वर्षे मिळवून देते, आणि उद्योगात काही वर्षे म्हणजे पुष्कळ. प्रभातचे पाचही भागीदार एकत्र होते ती सात वर्षे आणि शांताराम होते ती तेरा वर्षे बाजूला काढली तर ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे सारे बाजूला निघते. त्यातला ‘संत तुकाराम’, जो १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, तो दिग्दर्शित केला होता दामले आणि फत्तेलाल यांनी. म्हणजे मूळच्या यंत्रज्ञाने आणि देखावे उभे करणाऱ्या चित्रकाराने. घरात बरोबरीचे स्थान मिळाल्यावर कारागीर कुठवर जातो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. शिवाय गंधर्व मंडळीच्या उदाहरणाने आणखी एक आक्षेप परस्पर निकाली निघतो. आजच्या कल्पना शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांवर लादू नका, असे म्हटले जाते. पण कलावंतांनी मिळून मालक व्हायचे ही कल्पना तेव्हाही घरचीच होती. ज्या नाटक मंडळ्यांसाठी बाबूराव पडदे रंगवत, त्यांच्या जगात ती रुळलेली होती.

दुसरा आक्षेप मालकांचा, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. जोखीम आम्ही घेतो, घर गहाण आमचे, बुडालो तर आम्ही. कामगाराचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, मग हिस्सा कसला मागता? तानीबाईंसारख्या ज्यांनी पदरचे घातले त्यांचा हक्क पहिला, यात वादच नाही. पण जोखीम फक्त पैशाचीच असते हे खरे नव्हे. सिनेमा हा धंदा म्हणून टिकेल की नाही याची कुणालाच खात्री नसताना ज्या तरुणांनी उमेदीची दहा-दहा वर्षे त्यात घातली, त्यांनीही काहीतरी पणाला लावलेच होते. आणि ‘सैरंध्री’त काम केलेल्या स्त्रियांनी लावले ते तर कुठल्याच जमाखर्चात दाखवता येणार नाही. सगळ्यांना सारखा वाटा द्या असे कुणी म्हणत नाही. ज्याच्या जाण्याने कंपनीचा एखादा अवयवच गळून पडणार आहे, त्याच्या नावावर काही असावे एवढेच म्हणणे आहे. कंपनीत असे दोन-चारच असतात, आणि ते कोण हे मालकाला पक्के ठाऊक असते.

हे सारे आज कोल्हापुरात का मांडायचे, तर शहराची तक्रार तीच आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. ओतकाम आणि यंत्रकामात या पट्ट्याचे नाव देशभर आहे. शाळेत फार न शिकलेल्या मेस्त्रींनी ऑइल इंजिने बनवली ती याच गावात. आणि तरीही पेठेतला इंजिनिअर झालेला मुलगा हिंजवडीची वाट धरतो, डिझाइन येणारा चांगला गडी दोन-तीन वर्षांत पुण्याला नाहीतर परदेशी जातो, अशी खंत प्रत्येक कारखानदार बोलून दाखवतो. उपाय म्हणून आयटी पार्क मागितले जाते, विमानांच्या फेऱ्या मागितल्या जातात. मागाव्यात. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली त्यामागेही मोठ्या शहराची ओढ आणि मुंबईची जवळीक होती, हे नाकारून चालणार नाही. तिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मागे कोल्हापुरात दरबाराच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत मोठे काम केले. गाव रिकामे झाले नाही. पण पहिला बहर गेला तो गेलाच. रस्ते आणि विमाने माणसाला यायला मदत करतात, राहायला नाही. राहण्यासाठी इथे काहीतरी त्याचे म्हणून असावे लागते.

आणि नवल असे की हिस्सा देण्याची रीत या जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. दोन म्हशी असलेली बाई गावच्या दूध संस्थेची सभासद असते, संस्था ‘गोकुळ’ दूध संघाची सभासद असते, आणि दिवाळीला फरकाचे पैसे आले की तो आपला हक्क आहे हे तिला कुणी सांगावे लागत नाही. ऊस घालणारा शेतकरी कारखान्याचा भागधारक असतो. (सहकाराचे पुढे राजकारण्यांनी काय केले ते सर्वांना माहीत आहे, पण तो दोष हिस्सा देण्याच्या कल्पनेचा नव्हे.) शेतात आणि गोठ्यात जे आपण साठ-सत्तर वर्षे करत आलो ते कारखान्याच्या शेडमध्ये मात्र अजून शिरलेले नाही. तिथे वीस वर्षे राबलेला फोरमन हा घरचाच माणूस असतो, लग्नकार्यात पुढे असतो, अडीनडीला उचल मिळते. कागदावर मात्र त्याचे नाव हजेरीपत्रकापलीकडे कुठे नसते.

कायद्याची अडचण फारशी नाही. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा २००८ पासून आहे, कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, आणि साधा भागीदारी करार तर इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे. खरी अडचण मालक चहा पिता पिता हळू आवाजात सांगतात. हिस्सा दिला की हिशेबाची वही दाखवावी लागते. नफा खरा किती, घरखर्च कंपनीत किती घातला, पाहुण्याला दिलेली ऑर्डर कोणत्या दराने गेली, हे सारे दुसऱ्या कुणाला विचारण्याचा अधिकार मिळतो. मुलाला गादीवर बसवताना फोरमनचे मत घ्यावे लागते. यातली कुठलीही गोष्ट नवे सीएनसी यंत्र घेण्याइतकी सोपी नाही. सीएनसीला बँक कर्ज तरी देते. पुढच्या डिसेंबरात खरी कॉर्नरला उद्योजक मंडळींनीही जावे आणि हार घालून झाल्यावर आपापल्या कारखान्यातल्या दामल्यांची नावे मोजावीत. ती मोजायला एका हाताची बोटे पुरतील, आणि त्यातल्या प्रत्येकाला शेजारच्या एमआयडीसीतला कुणी सीतारामपंत बहुधा एव्हाना भेटूनही गेला असेल.